सांडेल हं, सांडेल!

आत्याच्या केसांत रुपेरी धागे आले, भाच्यांना मिशा फुटल्या, तरी गतिमंद प्रौढांच्या केंद्रातल्या मॅडमच्या लेखी ती बबडीच. जेवायला बसली की चारचौघांत तिच्या गळ्यात फडकं. "सांडेल हं, सांडेल!" कॉफी मागितली की पेलाभर कोमट दूध, वर नळी. तिला कुणी काही विचारलं की उत्तर मॅडमचं.

हेही तिने गिळलं असतं. पण केंद्रातली चौघं ज्या घरात आपापलं राहतात, तिथे एक खोली रिकामी झाली. भावाने तिच्यासाठी विचारलं, तर मॅडम तिच्याच डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "एकटीला भीती वाटते हो तिला." त्या दिवशी आत्याच्या पोटात राग दाण्यासारखा भिजत पडला.

केंद्राच्या कॅफेत ती गिऱ्हाईकांना हवं-नको बघायची. खोलीचं ठरवायला आलेल्या अध्यक्षबाईंना मॅडम तिथेच घेऊन आल्या, आणि दाण्याला मोड फुटला.

"काय आणू तुम्हाला?" आत्याने अध्यक्षबाईंना विचारलं.

"कॉफी. बिनसाखरेची."

"मलाही," मॅडम म्हणाल्या.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अध्यक्षबाईंच्या कानाशी वाकली. "ह्यांना सोसते का हो कॉफी? रात्री झोपतात ना नीट?"

"अगं बबडी, हे काय!"

"बोलतात छान," आत्या कौतुकाने म्हणाली.

ती परत आली ती एक वाफाळती कॉफी आणि एक पेला कोमट दूध घेऊन. पेल्यात नळी. मग मॅडमच्या मागे जाऊन तिने गळ्याभोवती रुमाल आवळला, दुहेरी गाठ मारली.

"सांडेल हं, सांडेल!"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. स्वयंपाकीणबाईंनी तोंड फिरवलं, पण खांदे गदगदत होते.

मॅडम लालबुंद. "बघितलंत? म्हणूनच म्हणते, हिला खोली नको!"

"तुम्ही बांधता, तसंच बांधलंय," आत्या म्हणाली. "रोज."

अध्यक्षबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खाली.

"तुम्हाला हवी आहे का खोली?" त्यांनी आत्याला विचारलं.

"हवी. किल्ली माझ्याकडे. आणि ह्यांनी बेल वाजवायची. मी म्हटलं, तरच आत."

"दिली," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मॅडमची बोटं मानेमागे गाठीशी झटापट करत होती. "सोड गं बाई आता."

"पेला रिकामा होऊ दे आधी," आत्या म्हणाली, आणि नळी त्यांच्या ओठांपाशी नेली.