मुंगीबाबाचा सिद्ध द्रोण

"सरका, सरका! माझ्या लेकरांची वाट सोडा!"

मुंगीबाबा ओरडला तशी गर्दी मागं सरली. एक म्हातारी धक्क्यानं खालीच बसली आणि बसल्या बसल्याच तिनं हात जोडले.

पांढरबोडीच्या तलावापल्याड, मोठ्या मोहाच्या झाडाखाली सारं गाव लोटलं होतं. सावली गावच्या बाजारातून परतणारे लोक सायकली तलावाच्या बांधावर आडव्या टाकून धावत आले होते. झाडाच्या बुंध्यातून तांबड्या मुंग्यांची रांग निघाली होती आणि तिच्या वाटेवर पळसाच्या पानांचे दोन द्रोण मांडले होते. एका द्रोणात आज पहिल्यांदाच आलेल्या बाईची लघवी होती. त्या द्रोणाला मुंग्यांनी लालभडक करून टाकलं होतं. दुसरा द्रोण राईस मिलवाल्यांच्या नीलाबाईचा. त्याच्याजवळ मुंगी यायची, मिशा हलवायची आणि वळून चालती व्हायची.

"डागदर सुई टोचते," बाबा म्हणाला. "सुई खोटी बोलन. पन मुंगी? मुंगीनं आजवर कोन्या साखरेले नाई म्हटलं का?"

"नाई!" गर्दी ओरडली.

"मंग मुंगी तोंड फिरवून राह्यली, म्हंजे काय झालं?"

"शुगर गेली!"

नीलाबाईनं रडत रडत पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांची बाटली बाबाच्या हातात दिली. बाबानं ती गरगर फिरवून तलावात भिरकावली. लोकांनी टाळ्या पिटल्या. ऊदाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, तरी कोणी हलेना.

गर्दीच्या कडेला प्रेमिला उभी होती. टाळ्या वाजवायलाही तिच्यात जोर नव्हता. तिच्या मनात एकच होतं: माझी बाटली कधी बुडेल?

प्रेमिला थकली होती. कामानं थकलेलं माणूस जेवून झोपलं की सकाळी ताजं होतं. तिचा थकवा तसा नव्हता. तो झोपेतून उठतानाच अंगावर असायचा. लग्न होऊन आली तेव्हा हीच बाई पावसाळ्यात दिवस दिवस वाकून धानाची रोवणी करायची, उन्हाळ्यात उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला रानात जायची, डोक्यावर मोळी घेऊन गप्पा मारत परतायची. मग नवरा, मनसाराम, शाळेत मास्तर झाला आणि ती मास्तरीण झाली. आमच्या भागात नोकरीवाल्याच्या बायकोनं धानाच्या बांधीत उतरणं म्हणजे नवऱ्याची इज्जत चिखलात घालणं! अंगणात हातपंप आला, मोळीवाली दारात आली. प्रेमिला खुर्चीवर बसून तांदूळ निवडू लागली. लोक म्हणायचे, बाईनं नशीब काढलं. त्या नशिबानं तिला आधी वजन दिलं, मग गुडघेदुखी, मग साखर आणि वर रक्तदाब.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि रोज सकाळी भरभर चालायला सांगितलं होतं. गोळ्या तिनं घेतल्या. चालणं मात्र जमेना. मोहाला नाही, लाकडाला नाही, नुसतीच चालायला निघालेली बाई गावात कोणी पाहिली होती?

बाबाकडे जाणं वेगळं. बाबाचा नियम होता: महिनाभर रोज पहाटे, अनवाणी, वाटेत कुठं न टेकता तलावाला अख्खा फेरा घालून मोहाखाली यायचं आणि तांब्याभर मंतरलेलं पाणी पिऊन तसंच परतायचं. देवाच्या कामाला निघालेल्या बाईला कोण हसणार? शेजारच्या आशाबाईला सोबत घेऊन प्रेमिला निघाली.

"आपन हे सारं छप्पन साली सोडलं ना?" मास्तर एकदा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"मी कुठी पूजा करून राह्यली? पानी पिऊन राह्यली," ती म्हणाली. मास्तर पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. विहारात तास तास बोलणारा माणूस घरात एवढंच बोलायचा.

आणि गंमत बघा, गुण आला! आठ-दहा दिवसांतच प्रेमिलाला गाढ झोप लागू लागली. घशाची कोरड कमी झाली. पाट्यावर बसून उठताना गुडघे कुरकुरायचे, ते कमी कुरकुरू लागले. बाबाचा शब्द तिला आता दगडावरची रेघ वाटू लागला.

तोच नीलाबाईची बातमी आली. अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडला होता. गोळ्या बंद, जखम चिघळली, पाय काळा पडला आणि बाई शुद्ध हरपून पडली. बैलबंडीत घालून तिला सावलीला नेलं, तिथून चंद्रपूरला.

"तिनं सोमवारी अंडा खाल्ला," बाबानं निकाल दिला. "माझी लेकरं रुसली."

ही बातमी ऐकून प्रेमिलाची नववीतली मुलगी कांता दिवसभर अंगणातल्या मुंग्यांची रांग निरखत बसली.

बाबाच्या चेल्यानं प्रेमिलाचा सिद्ध द्रोण आणून दिला, तो दिवस आला. उद्या शेवटची परीक्षा. द्रोण फळीवर ठेवायचा, कोणी शिवायचं नाही. प्रेमिला आशाबाईकडे गेली आणि परत येऊन बघते तर कांता अंगणात उकिडवी बसलेली, तिच्यापुढं तो द्रोण आणि शेजारी घरी टाचलेला दुसरा.

"बाटवला!" प्रेमिला किंचाळली.

"माय, ओरडू नोको, पाह्य. दोन्हीत गुळाचं पानी टाकलं. घरच्या द्रोणाले मुंग्या लागल्या. बाबाच्या द्रोणाकडं एक नाई जाऊन राह्यली. वास घे. करंजाचं तेल होय. मामा बैलाच्या जखमेले लावते, मुंग्या-माश्या बसू नये म्हनून."

"ऊदाचा वास होय तो."

"मंग मले एक सांग. पहिल्या दिवशी द्रोण आपल्या घरून न्यायचा आन शेवटच्या दिवशी बाबाचाच पाह्यजे. काऊन?"

प्रेमिला उसळली. "तुले काऊन जळतं वो माझं बरं झालेलं? चार वर्सं मी कन्हली, तवा तुले मुंग्या नाई सुचल्या!"

कांताचा चेहरा पडला. "तू बरी झाली तं मी नाचीन, माय. पन उद्या तू गोळ्या फेकशीन. नीलाकाकूनं बी फेकल्या होत्या."

प्रेमिलानं द्रोण पुसला, फळीवर ठेवला आणि भाकरी थापायला बसली.

पहाटे ती एकटीच उठली. लघवी धरायचा लोटा हातात घेऊन परसात उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला काहीच तपासायचं नव्हतं. तिला फक्त आजार संपायला हवा होता. पण नीलाबाईचा काळा पाय डोळ्यांपुढून हलेना. ती स्वयंपाकघरात आली, गुळाचा खडा घेतला, लोट्यात लघवीऐवजी पाणी भरून त्यात कालवला आणि वर झाकण ठेवलं. मुंग्या गुळाला लागल्या तर बाबा खरा. मग पोरीच्या कानाखाली एक वाजवायची आणि खुशाल गोळ्या फेकायच्या.

मोहाखाली गर्दी होतीच. कांताही मागून आली होती, हातात पळसाची दोन पानं घेऊन. प्रेमिलानं लोट्यातलं पाणी बाबाच्या द्रोणात ओतलं. चेल्यानं ऊद पेटवला. बुंध्यातून रांग निघाली.

'या गं,' प्रेमिला मनातल्या मनात म्हणाली. आजवर तिनं कोणाला इतकं विनवलं नसेल. 'या गं मुंग्यांनो, गूळ हाय. या.'

पहिली मुंगी आली. मिशा हलवल्या, वळली. दुसरी वळली. तिसरीनं तर लांबूनच वाट बदलली.

"शुगर गेली!" बाबा गर्जला. "मास्तरीणबाईची शुगर गेली! आन ते बाटली इकडं!"

टाळ्या सुरू झाल्या. प्रेमिला तिथंच मटकन बसली. लोकांना वाटलं, आनंदानं बसली.

"बाबा," ती म्हणाली, "थे लघवी नाई. गुळाचं पानी होय."

टाळ्या एकेक करून थांबल्या. आशाबाई पुढं आली, द्रोणात बोट बुडवणार तोच चेला ओरडला, "शिवू नोको!" पण आशाबाईनं लोटा उचलला, तळाशी उरलेल्या पाण्यात बोट घातलं आणि सगळ्यांदेखत चाटलं.

"गोड हाय वो बाई! चांगलंच गोड हाय!"

"म्हंजे बाबानं गुळाची बी शुगर घालवली?" मागून कोणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

बाबाचा हात दाढीत अडकला. "या... या बाईनं द्रोण बाटवला! म्हनून माझी लेकरं रुसली!"

"रुसली तं रुसली," कांता पुढं झाली. "मंग आत्ताच 'शुगर गेली' काऊन ओरडले तुमी? लेकरं रुसली का साखर गेली, हे तुमालेच समजत नाई?"

तिनं हातातली पानं काडीनं टाचली, द्रोण केला, लोट्यातलं उरलेलं पाणी त्यात ओतलं आणि जमिनीवर ठेवला. रांग हळूच वाकडी झाली. थोड्या वेळानं द्रोणाचा काठ तांबडा दिसू लागला.

"बाबाच्या द्रोणाले करंजाचं तेल लावलं हाय," कांता म्हणाली. "वास घ्या. तेलाचा वास दबावा म्हनूनच ऊद जाळते हे."

लोक आता द्रोण हातोहात हुंगत होते. पण बाबा मुरलेला गडी, त्याच्याजवळ शेवटचा डाव होता. "तेल पाह्यता? तिच्या गुडघ्याले इचारा! मास्तरीणबाई, खरं सांगा, गुडघे बरे हायेत का नाई?"

सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. तिनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर सोपं होतं.

"बरे हायेत," ती म्हणाली. "झोप बी लागते."

बाबा हसला. कांता आईजवळ येऊन बसली.

"माय, बाबानं तुले रोज उचलून आनलं होतं का इथी?"

"नाई. चालत आली."

"अख्खा तलाव चालून. महिनाभर, एक दिवस न चुकवता. आन गोळी बी चालूच होती. डॉक्टरीणबाईनं दुसरं काय सांगतलं होतं? जे केलं थे तुह्या पायानं केलं. या माणसानं निस्तं पानी पाजलं."

प्रेमिला आपल्या पायांकडे पाहत राहिली. मातीनं भरलेले, टाचांना भेगा पडलेले. महिनाभर तिनं बाबाचे पाय धरले होते. या पायांचं कौतुक करावं असं कोणालाच सुचलं नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा नाही. आणि खरी गंमत पुढंच आहे. बाबाच्या सगळ्या धंद्यात चालणं एवढी एकच गोष्ट खरी होती आणि ती त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हती. पायपीट घडवली की भक्ताचा विश्वास घट्ट होतो, एवढ्याच हिशेबानं त्यानं फेरा लावला होता.

लोक द्रोण हुंगत असतानाच बाबा आणि चेला आंघोळीच्या निमित्तानं तलावाकडे गेले. ते परत आले नाहीत.

त्याच दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. मागच्या वेळी ते पाणी विटेसारखं लाल झालं होतं. आज ते हिरवं होऊन थांबलं.

"गेली?" प्रेमिलानं विचारलं.

"कमी झाली आहे. गेलेली नाही. गोळी घेतलीत आणि चाललात, म्हणून कमी झाली. आता ठिकठिकाणी यावर अभ्यास चालू आहे आणि दिसतंय असं की रोज चालणाऱ्या बाईला हे आजार कमी गाठतात, गाठले तरी आवरता येतात. गोळी सोडायची नाही. आणि अनवाणी चालायचं नाही, नीलाबाईंचं बघितलंत ना? त्यांचा अंगठा काढावा लागला."

"किती दिस असं?"

"कायमचं."

प्रेमिलाचे खांदे उतरले. बाबानं तिला 'संपलं' असं सांगितलं होतं आणि तो शब्द किती गोड होता! या बाईजवळ तसा शब्द नव्हता. हिच्याजवळ फक्त 'रोज' होतं. घरी येऊन ती न जेवता आडवी झाली. बाबा खोटा निघाला याचं तिला तेवढं दुःख नव्हतं. आजार खरा होता, याचं होतं.

वाचणाऱ्यांनो, आणि मुख्य म्हणजे बायांनो, मुंगीबाबा दुसऱ्या गावी दुसरं नाव घेऊन बसला असेल. तो फसवतो कारण आपण थकलेल्या असतो, आणि थकलेल्या माणसाला 'संपलं' ऐकायचं असतं. म्हणून थकल्यावरच जास्त प्रश्न विचारा. द्रोण कोणाचा, हे विचारा. गुण आला तर तो कशानं आला, हेही विचारा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. आणि घरातल्या बाईला खुर्चीवर बसवून ठेवलं म्हणजे तिला सुखात ठेवलं, असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आशाबाईनं दाराची कडी वाजवली. तिच्या पायात नवऱ्याच्या रबरी चपला होत्या.

"चाल ना वो बाई."

"कुठी?" प्रेमिला पडल्या पडल्याच म्हणाली. "बाबा तं गेला."

"बाबा गेला," आशाबाई म्हणाली. "तलाव कुठी गेला?"

प्रेमिला कुशीवर वळली. मग कण्हत उठली, कोनाड्यातली गोळी घेतली, वर पाणी प्यायली आणि अंधारात चपला शोधू लागली.