दोन व्याही आणि एक दांडा

घड्याळजींनी बोट घेतली ती निव्वळ संकोचापोटी. लेकीच्या लग्नानंतर ते आणि त्यांचे व्याही एकदा बंदरावर फिरत होते. विकायला काढलेल्या एका जुन्या, लहानशा शिडाच्या बोटीपुढे व्याही जरा रेंगाळले. यांना ती हवीय असं समजून घड्याळजी म्हणाले, "छान आहे हो!" खरं तर व्याह्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. पण सुनेच्या वडिलांना बोट आवडलीय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. संध्याकाळपर्यंत दोघं अर्ध्या-अर्ध्या बोटीचे मालक होऊन बसले.

व्याह्यांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दोघं बोट चालवायला शिकले, बोटीचं वेडही दोघांना लागलं, पण संकोच काही सुटला नाही. धक्क्यावरून बोटीत उतरतानासुद्धा "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" चालायचं. "तुमचं 'आधी तुम्ही' संपेतो ओहोटी लागेल," लेक म्हणायची.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना दांड्याला चीर गेली.

दांडा म्हणजे बूम. मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला असतो तो आडवा सोट. वारा वाढला की शीड लहान करावं लागतं आणि या जुन्या बोटीत त्याची सोय मोठी गमतीची होती. डोलकाठीपाशी एक हँडल होतं. ते फिरवलं की दातेरी चाकं फिरत, अख्खा दांडा स्वतःभोवती फिरे आणि चटई गुंडाळावी तसं शीड त्याच्यावर गुंडाळलं जाई. घड्याळं दुरुस्त करत तांदळाच्या दाण्याएवढ्या चाकांत आयुष्य काढलेल्या घड्याळजींना ही बशीएवढी चाकं म्हणजे मेजवानीच वाटे. सुट्टीच्या दिवशी ते त्यांना जुन्या टूथब्रशनं घासत बसत.

दोघं शिडं शिवणाऱ्या बाईकडे सल्ल्याला गेले. तिच्या कारखान्याची जमीन गुळगुळीत फळ्यांची होती. मधे खड्डा खणून त्यात शिलाई मशीन बसवलेलं, त्यामुळे कमरेपर्यंत जमिनीत गेलेली बाई मान वर करून त्यांच्याशी बोलत होती.

"दोन रस्ते आहेत," ती म्हणाली. "हाच दांडा दुरुस्त करा आणि गुंडाळत बसा. नाहीतर न फिरणारा, हलका ॲल्युमिनियमचा घ्या. मग मी शिडाला मधे पक्क्या कड्या बसवून देते. वारा वाढला की शीड थोडं खाली घ्यायचं, पुढची कडी हुकात, मागची दोरीनं खाली खेचायची. झालं."

"मास्तर, तुम्ही म्हणाल तसं," घड्याळजी म्हणाले.

"अहो छे, तुम्ही म्हणाल तसं."

बाईनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "तुमचं मानपान उरकलं की या," असं म्हणून तिनं मशीन सुरू केलं.

मास्तरांनी नव्या दांड्याचं नाव काढलं नाही, याचा अर्थ त्यांना जुनंच पसंत आहे, असा घड्याळजींनी आपल्या सोयीनं लावला. त्यांनी चिरेत गोंद भरला, वरून पट्ट्या आवळल्या, चाकांना तेल पाजलं. मास्तर "वा! उत्तम!" म्हणाले. आवाज जरा पडलेला होता, पण घड्याळजींचं सगळं लक्ष चाकांकडे.

मग एका रविवारी दोघं बोट घेऊन बाहेर पडले. दुपारी वारा उठला. मास्तर मागे सुकाणू धरून बसले होते. घड्याळजी डोलकाठीपाशी गेले आणि ऐटीत हँडल फिरवू लागले. चाकं लोण्यासारखी फिरली. मात्र शिडाची पुढची जाड किनार डोलकाठीपाशी एकावर एक बसून फुगत चालली, मागची बाजू काही तेवढी गुंडाळली जाईना, आणि दांड्याचं मागचं टोक हळूहळू खाली आलं. थेट मास्तरांच्या डोक्यावर.

"लागत तर नाही ना?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही हो! जरा वाकलं की झालं."

घड्याळजींनी आणखी फिरवलं. मास्तर आणखी वाकले. मग बाकावरून घसरून बोटीच्या तळाशी बसले, आणि शेवटी जवळजवळ आडवे झाले.

"बरं आहे ना?"

"प्रशस्त आहे!" खालून उत्तर आलं.

घड्याळजींनी सहज वळून पुढे पाहिलं. बंदराच्या तोंडाशी खुणेसाठी तरंगत ठेवलेला लोखंडी बोया, हत्तीएवढा, सरळ त्यांच्याकडे येत होता. म्हणजे तो जागच्या जागीच होता; हेच त्याच्याकडे चालले होते.

"अरे गाढवा!" घड्याळजी ओरडले. "वळव! समोर बघ की!"

मास्तरांनी पडल्या पडल्या सुकाणू लोटलं. बोट गर्रकन वळली, दांडा या बाजूचा त्या बाजूला गेला आणि जाता जाता मास्तरांची टोपी पाण्यात घेऊन गेला. बोया हातभर अंतरावरून मागे पडला.

घड्याळजींनी कपाळावर हात मारून घेतला. बोयामुळे नव्हे. लेकीच्या सासऱ्यांना आपण गाढव म्हणालो! आता कुठल्या तोंडानं तिच्या घरी जायचं?

मास्तर दांड्याखालून सरपटत बाहेर आले. चेहरा लालबुंद.

"समोर बघ? कसं बघू? तुझं हे भिकार यंत्र माझ्या उरावर बसलंय! पहिल्या दिवसापासून मला ते आवडलेलं नाही!"

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तू ब्रश घेऊन त्याचे दात घासायचास! कुठल्या तोंडानं सांगू?"

"यंत्रात काही खोट नाही. मागच्या टोकाला टॉवेल गुंडाळून जाडी वाढवली असती तर—"

"टॉवेल! बोट चालवायची की अंघोळ करायची?"

मास्तरांच्या टकलावर दांड्याच्या कडेचा तांबडा वळ उमटला होता. तो पाहून घड्याळजींना हसू आवरेना, आणि त्यांना हसताना पाहून मास्तरही हसत सुटले. शेवटी शीड उतरवून दोघं वल्हवत परत आले. सबंध वाटभर भांडत. इतकं मोकळं घड्याळजी कित्येक दिवसांत कुणाशी बोलले नव्हते.

भांडण पुढे कितीतरी दिवस पुरलं. घड्याळजींनी टॉवेल लावून पाहिला. टॉवेल सुटून समुद्रात गेला. तेव्हा कुठे त्यांनी हार मानली. नवा दांडा आला, बाईनं शिडाला कड्या बसवून दिल्या. मागच्या कडीची दोरी बसल्या जागेपर्यंत आणायची, की डोलकाठीपाशीच ठेवायची, यावरून पुन्हा जुंपली. "गिअर काय कुणी डिकीत ठेवतं का?" असं विचारून मास्तर जिंकले. पुढच्या कडीचा हूक मात्र घड्याळजींनी स्वतः घासून बनवला आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या खेपेला वारा चांगलाच होता. शीड खाली आलं, कडी हुकात बसली, मास्तरांनी दोरी ओढली. दांड्याचं टोक जागचं हललं नाही. मास्तर ताठ बसले होते.

"बघ, कसं राजासारखं बसता येतं!"

"दोरी ढिली आहे तुझी," घड्याळजी म्हणाले. "शिडाला पोट सुटलंय."

लेक धक्क्यावर न्यायला आली होती. बोट दिसायच्या आधीच तिला दोघांचा आरडाओरडा ऐकू आला आणि ती धक्क्याच्या टोकाशी धावली.

"बाबा, भांडलात की काय?" तिनं घाबरून विचारलं.

"भांडतोय अजून," घड्याळजी म्हणाले. "तू गाडीत बस. याला गाठ मारता येत नाही, ती दाखवून आलोच."