मालकिणीच्या मुठीत

मित्रांनो, मी एक खुरपे आहे. आता माझे वय झाले आहे आणि पाते झिजून निम्मे उरले आहे. लोहाराने मला लालबुंद तापवून ऐरणीवर बडवले, तेव्हा दर घावाला मला वाटे, की आता आपण संपलो. पण त्या मारातूनच मला आकार आला. मग मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. त्या माझ्या मालकीण.

घरात तिघे होते. मालकीण, त्यांचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि आई. आईंचे अर्धे अंग लुळे पडले होते, म्हणून त्यांची खाट खिडकीपाशी असे. त्या खिडकीसमोरच आमची बाग होती. मोठी नव्हे, दोन खाटा मावतील एवढीच. पण तीत गुलाब, निशिगंध आणि आईंनी धडधाकट असताना लावलेला मोगरा होता. मालकीण रोज मशीनवर बसण्याआधी तासभर माझ्याबरोबर मातीत बसत. येणारेजाणारे फाटकापाशी थबकत, फुलांचे कौतुक करीत. माझे कौतुक कोणी केले नाही, पण मला ते आपलेच वाटे.

ऐन उन्हाळ्यातली ती दुपार मात्र मी विसरू शकत नाही. आभाळ एकाएकी काळे झाले आणि वळवाचा पाऊस गारांसकट कोसळला. गारा पानांतून आरपार जात होत्या. निशिगंधाचे दांडे कडाकड मोडत होते. मालकीण डोक्यावर पोते घेऊन धावत आल्या. गुलाबांच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून त्या माझ्याकडून चर खणवून घेत होत्या, मोडके दांडे शिवणकामाच्या चिंध्यांनी बांधत होत्या. एक गार त्यांच्या भुवईवर बसली, तरी त्या उठल्या नाहीत.

इतक्यात फाटक लाथेने उघडले. दादा आत आला. तो वेल्डर होता, भाड्याच्या गाळ्यात काम करी. त्याच दिवशी गाळ्याच्या मालकाने, जावयाला जागा हवी म्हणून, त्याचे सामान भर पावसात रस्त्यावर फेकले होते. दादाच्या हातात पहार होती.

"ऊठ तिथनं."

"काय झालं, दादा?"

"मशीन गटारात पडलंय माझं. चौदा वर्षं वापरलेलं मशीन! इथेच पत्रे ठोकून गाळा करणार मी. आजच."

"ठोक की. मी कुठे नाही म्हणते? पण एक दिवस दे. झाडं मुळासकट काढून कुंड्यांत घेते."

"झाडांना एक दिवस? मला कुणी एक तास तरी दिला का?"

त्याने पहार गुलाबाच्या बुडाशी घातली आणि रेटली. मूळ तुटण्याचा आवाज मला ओळखीचा आहे, पण इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. मग दुसरा गुलाब. मग कुंड्या, एकामागून एक, भिंतीवर. आत आई पेला खिडकीच्या गजांवर आपटत होत्या, "अरे, थांब! थांब रे!" म्हणत होत्या. मालकिणींनी पहार धरली. दादाने त्यांना ढकलले. त्या वाफ्याच्या विटांवर तोंडावर पडल्या. ओठ फुटला.

"मोगऱ्याला हात लावू नकोस," त्या खालूनच म्हणाल्या.

त्याने मोगरा मुठीत धरून उपटला.

मालकीण उठल्या. मी त्यांच्या मुठीत होते. मित्रांनो, मला कोणाला अडवता येत नाही. मला फक्त जिथे नेतील तिथे शिरता येते. दादाच्या उजव्या हाताचा अंगठा जिथे तळव्याला मिळतो, तिथे मी हाडापर्यंत शिरले. जन्मभर मी मातीत शिरले होते. माणूस मातीहून मऊ असतो, हे मला त्या दिवशी कळले.

 दादा नुसता हाताकडे बघत राहिला. मालकिणींनी दुसऱ्या हाताने आणि दातांनी ओढणी आवळून त्याचा हात बांधला, रस्त्यात आडवे उभे राहून एक टेम्पो थांबवला आणि त्याला दवाखान्यात नेले. या सगळ्यात त्यांनी मला सोडलेच नव्हते. दवाखान्यात नर्सने त्यांची बोटे एकेक करून उघडली, तेव्हा मी बाहेर आले.

"कशाने लागलं?" डॉक्टरांनी विचारले.

"पत्रा लागला," दादा चटकन म्हणाला.

"नाही, डॉक्टर. मी मारलं. याने मारलं." मालकिणींनी माझ्याकडे बोट केले.

"तू गप्प बस गं!"

"नाही बसत. लिहा तुम्ही."

डॉक्टरांनी लिहिले. पोलीस आले, पण दादाने तक्रार केली नाही. जखम भरली, अंगठा मात्र पुन्हा वाकला नाही. त्या हातात वेल्डिंगची पकड राहिली नाही.

मला मालकिणींनी पाण्याच्या टाकीमागे फेकून दिले. तिथे माझ्यावर गंज चढला, माझ्या लाकडी मुठीला वाळवी लागली. भाऊबहीण बोलत नसत. त्या त्याच्या शर्टाची बटणे लावून देत आणि तो भिंतीकडे बघत उभा राही. पत्रे कधी आलेच नाहीत. वाफा उघडाच पडून होता.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी एका हाताने मला उचलले. तो दादाचा डावा हात होता. त्याने कुठूनशी मोगऱ्याची दोन रोपे आणली होती. तो वाफ्यात बसला आणि माझ्या पात्याने खड्डा घेऊ लागला. मी वाकडेतिकडे जात होते, सारखे निसटत होते. घरातले शिवणयंत्र थांबले. मालकीण बाहेर आल्या. मला फेकून दिल्यापासून त्यांनी मला शिवलेही नव्हते.

"असं नाही धरत," त्या म्हणाल्या. "दे इकडे."

दादा थांबला. त्याने मला हातात फिरवले. पाते स्वतःकडे केले, मूठ बहिणीकडे केली आणि मला पुढे धरले. त्यांनी मला घेतले.

त्याने त्यांना माफ केले की नाही, हे मला ठाऊक नाही. तसे तो कधी बोलला नाही. त्याही बोलल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हा अवजारांना धुऊनपुसून ठेवा, एवढे तर कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. राग आला, की हातात जे असेल ते आधी खाली ठेवा. आम्हाला आमचे आम्ही सुटता येत नाही.