पहिल्या नंबरला कोण

खैरुद्दीनचं पत्र येऊन दोन महिने होऊन गेले होते आणि सदानंदनं अजून उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र जुन्या रिवाजाप्रमाणे कुणाच्या तरी हाती आलं होतं. गावाहून परतलेल्या एकानं कोकमाच्या पुडीबरोबर दुबईत अल बर्शाच्या घरी आणून दिलं. आजकाल पत्र लिहितो कोण? पण खैरुद्दीनचे कान गेले होते, फोनवर त्याला धड काही ऐकू येत नसे, आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज वाचून दाखवताना घरातली पोरं त्यात साखर घालतात असा त्याला दाट संशय होता. म्हणून त्यानं मराठी शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात पानभर मजकूर लिहिला होता. आंब्याला मोहर कसा आलाय, गुडघा कसा कुरकुरतो, आणि शेवटी खरी गोष्ट: 'सदू, अफनानला माझ्या जागेवर ओपनिंगला पाठवतात म्हणे. सगळे सांगतात, झकास खेळतो. तू सांगितलंस तरच मी खरं मानीन. जमतं का रे पोराला? खरं लिही.'

त्या 'खरं लिही'पाशी सदानंदचं पेन अडकलं होतं. ऊद मेथाच्या शाळेत सव्वीस वर्षं त्यानं ग्रंथपालाची नोकरी केली, दुसऱ्यांची हजारो पानं वाचली, पण स्वतःचं एक पान लिहायचं म्हटलं की तो पेनच्या टोपणाशी खेळत बसे. 'प्रिय खैरू' इथवर तो कितीदा तरी पोचला होता. पुढे काय लिहायचं? पोराला जमत नव्हतं. खैरुद्दीनचा नातू चांगला उंचापुरा, तेवीस वर्षांचा, इंजिनिअर; पण पहिल्या षटकात त्याची बॅट हवेत काहीतरी शोधत फिरायची आणि चेंडू मागं यष्टीवर जायचा. दोनदा तर पहिल्याच चेंडूवर. हे जिवलग मित्राला कसं कळवायचं? आणि कळवायचं नाही, तर खोटं कसं लिहायचं?

साखरबंदर हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं गाव, आणि 'साखरबंदर इलेव्हन' ही त्या गावच्या दुबईतल्या पोरांची टेनिस बॉलची टीम. हिवाळाभर कोकणातल्या गावागावांच्या टीमा इथे आपसात लीग खेळतात. नियम असा की खेळाडू गावचाच हवा. फार तर दोन पाहुणे चालतात. सदानंद मूळचा पुण्याचा, त्या अर्थानं तोही पाहुणाच. पंचाऐंशी साली दुबईच्या सटवा वस्तीतल्या एका खोलीत आठ जणांत त्याला खैरुद्दीनच्या शेजारची खाट मिळाली. शुक्रवारी सगळे मैदानावर निघाले की हा पुस्तक घेऊन पडून राही. एकदा खैरुद्दीननं ओढतच नेला. दोन सोपे कॅच सोडल्यावर त्याच्या हातून चेंडू काढून घेऊन पेन्सिल दिली. तेव्हापासून तो टीमचा स्कोअरर. आता धावसंख्या मोबाइलवर मांडली जाते, सदानंदचं तिथे काही काम नाही, तरी रविवारी सकाळी उमर गाडी घेऊन त्याला न्यायला येतोच.

उमर हा खैरुद्दीनच्या बहिणीचा मुलगा, सध्याचा कप्तान. त्या रविवारीही टीम हरली. मग सगळे दुपारी इंटरनॅशनल सिटीत उमरच्या फ्लॅटवर जमले. उमरची बायको शहनाझ सगळ्यांना बिर्याणी वाढत होती आणि जोडीला टोमणेही.

"ओपनर पाहिजे," उमर म्हणाला. "आठ ओव्हरची मॅच. पहिल्याच ओव्हरला विकेट गेली की आपण खलास. मी सांगतो, गावच्या खाडीपलीकडच्या भिवाला आणू या. व्हिजिट व्हिसावर. राहिलेल्या मॅचेस खेळेल आणि जाईल."

"भिवा?" जाडा विकेटकीपर ताटातून मान वर काढत म्हणाला. "गेल्या मे महिन्यात गावात आपल्याच विरुद्ध सहा सिक्सर मारून गेला तो भिवा?"

"म्हणूनच तर."

"खर्च?"

"तिकीट, व्हिसा धरून दोन हजार दिरहम. म्हणजे झाले सत्तेचाळीस हजार रुपये."

"सत्तेचाळीस हजारांत माझा फ्रीज येतो," शहनाझ म्हणाली. "त्यापेक्षा मला पाठवा ओपनिंगला. मी निदान चेंडूकडे बघते तरी."

सगळे हसले आणि मग आपापल्या ताटात बघू लागले, कारण अफनान दाराशीच बसला होता. शहनाझनं जीभ चावली आणि त्याच्या ताटात मटणाची आणखी एक बोटी वाढली.

अफनानच बोलला. दुबईत जन्मलेला, दुबईत शिकलेला. मराठी समजायची सगळी, बोलायची अर्धी. "इट्स ओके, चाची. बेसबॉलमध्ये हे नॉर्मल आहे. सीझनच्या मध्ये प्लेअर ट्रेड करतात, लाइनअप रोज बदलतात. कोणी रडत नाही."

"तिथे टीमात कुणाचे मामू-चाचा नसतात, हबीबी," विकेटकीपर म्हणाला. "इथे लाइनअप बदलायची तर आधी सगळ्या खानदानाला फोन करावा लागतो."

"बरं, भिवा आला समजा. तो खेळणार कितव्या नंबरला?" कुणीतरी विचारलं.

उमर दाढी खाजवू लागला. "तिसऱ्या."

"तिसऱ्या? तिसऱ्या नंबरसाठी विमानाचं तिकीट? अरे, ओपनर पाहिजे म्हणून आणतोयस ना?"

"हे बघा, ओपनिंगची जागा मामूच्या घरातली आहे," उमर एकदम मोठ्यानं म्हणाला. "वीस वर्षं मामूनं पहिला चेंडू खेळला. गावात अजून लोक त्याला ओपनर म्हणून हाक मारतात. त्या जागेला मी हात लावला तर मामूला काय तोंड दाखवू? विचारा सदाचाचांना. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. बोला ना चाचा."

सगळ्या माना सदानंदकडे वळल्या. एरवी अशा वेळी तो मान डोलवून 'बघा बाबा, तुम्हीच ठरवा' म्हणायचा आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचा. आजही ग्लासकडे हात गेला. पण तेवढ्यात त्याची नजर अफनानवर पडली. शाळेत सगळ्यांसमोर कविता म्हणायला उभं केलेल्या मुलाचा चेहरा असतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. नंबर जाईल याची त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. राहील याची होती. की हा आपला नुसता भास? सदानंदला खात्री वाटेना. त्याला कशाचीच खात्री कधी वाटली नव्हती. पण मग त्याला पिठाचा वास आठवला.

"खैरू ओपनर नव्हता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे... ओपनिंगला जायचा. पण ओपनर नव्हता."

"चाचा, बिर्याणी चढली काय?" उमर म्हणाला.

सदानंदनं घसा साफ केला. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र त्याला थांबता आलं नाही.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. ऊद मेथाच्या बाजूला नुसती मोकळी वाळू होती. आज तिथे इतक्या इमारती आहेत की खेळपट्टी नेमकी कुठे होती ते सदानंदलाही दाखवता आलं नसतं. पहाटे उजाडलं की पोरं चटई अंथरून, तिच्या कडांवर दगड ठेवून खेळायला सुरुवात करायची. खैरुद्दीन सटव्यातल्या एका बेकरीत कामाला होता. रात्रपाळी करून तो अंगावरच्या पिठासकट सरळ मैदानावर यायचा. जुम्म्याच्या नमाजानंतर लोक रोटीसाठी रांग लावत, त्यामुळे सकाळीच भट्टी पुन्हा पेटवावी लागे आणि बेकरीचा पिकअप त्याला न्यायला मैदानाच्या कडेला येऊन उभा राही. ड्रायव्हर पठाण होता, दोनदा हॉर्न वाजवायचा. तिसऱ्यांदा न वाजवता निघून जायचा.

"म्हणून तो पहिला खेळायचा," सदानंद म्हणाला. "आपल्या टीमची लाइनअप अशीच होती. ज्याचा पिकअप आधी, तो आधी. ज्याला त्या दिवशी ड्यूटीच नाही, तो शेवटी. समोरचे कप्तानसुद्धा टॉस करायचे नाहीत. म्हणायचे, घ्या बाबा बॅटिंग, तुमच्या भट्टीची वेळ झाली. खैरू दोन-चार फटके मारायचा. कधी लागायचे, बरेचदा नाही. हॉर्न वाजला की आउट असो-नसो, बॅट टाकून पळत सुटायचा. मी पुढे लिहायचो: गेला."

"रिटायर्ड हर्ट," विकेटकीपर म्हणाला.

"रिटायर्ड बेकरी!" शहनाझ म्हणाली, आणि मग सगळी खोली हसून लोळायला लागली. उमरही हसला, पण जरा उशिरा.

अफनान हसत नव्हता. तो पुढे सरकून बसला होता. "सो, दादांची शिफ्ट होती म्हणून? बस?"

"बस."

"आणि त्यांना स्वतःला आवडायचं कुठल्या नंबरला?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "एकदा बेकरीची भट्टी बिघडली होती. खैरूला दिवसभर सुट्टी. त्या दिवशी तो सहाव्या नंबरला गेला. धावा फार नाही केल्या. पण शेवटच्या चेंडूपर्यंत उभा राहिला. मग सगळ्यांबरोबर वाळूत बसून जेवला. मला म्हणाला, सदू, मॅच संपते कशी ते आज मला कळलं." मग सदानंदनं शेवटी तो ग्लास तोंडाला लावलाच.

"देन पुट मी सिक्स्थ," अफनान उमरला म्हणाला. "प्लीज, चाचा. मला न्यू बॉल दिसतच नाही. मी सीझनभर हेच सांगायला बघतोय, पण तुम्ही सगळे दादांचं नाव घेता."

भिवाला आणायचं ठरलं. वर्गणी निघाली, शहनाझनंही फ्रीजचं नाव न काढता आपले पैसे टाकले.

परतीच्या वाटेवर उमर सदानंदला सोडायला निघाला. शेख झायेद रोडवर आल्यावर म्हणाला, "चाचा, एक रिक्वेस्ट. हे मामूला कळवू नका. पिकअपचं. तो आता स्वतःच विसरलाय बहुतेक. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतो, मी वीस वर्षं पहिला चेंडू खेळलो. म्हातारपणी बिचाऱ्याजवळ तेवढंच आहे."

सदानंदच्या मनात आलं: आपण हे काय करून बसलो? नातवाला मोकळं करायला गेलो आणि दोस्ताची आयुष्यभर मिरवायची गोष्ट भर जेवणात हसण्यावारी नेली. आता तर पत्र लिहिणं आणखीच अवघड झालं. लिहावं तर त्याचं नाव पुसल्यासारखं होईल. न लिहावं, तर तो गावात ओट्यावर बसून वाट बघत राहील आणि त्याची गोष्ट खोलीभर पोरांना कळली, हे त्याला एकट्यालाच ठाऊक नसेल.

दोन आठवड्यांनी भिवा आला. काळासावळा, बुटका, लाजाळू. सगळ्यांचे श्वास रोखलेले असताना तो पहिल्या नंबरला गेला, पहिला चेंडू सोडला आणि दुसऱ्यावर असा काही फिरला की मधली यष्टी मागं जाऊन पडली.

"सत्तेचाळीस हजार," शहनाझ शांतपणे म्हणाली.

अफनान सहाव्या नंबरला आला. त्यानं फार काही केलं नाही. इकडे एक, तिकडे दोन, एक चौकार, तोही बॅटची कड लागून. टीम तीन धावांनी हरली. पण शेवटचा चेंडू टाकला गेला तेव्हा तो उभा होता. तो बॅट काखेत मारून, घामानं निथळत, हसत परत आला आणि सदानंदच्या खुर्चीशेजारी वाळूतच बसला. "अंकल, वी लॉस्ट," तो म्हणाला, जणू काही आनंदाची बातमी देतोय. मग हळूच विचारलं, "दादांना सांगाल? नॉट द स्कोअर. मी लास्टपर्यंत होतो, ते."

सदानंद घरी आला आणि जेवायच्या आधी लिहायला बसला. सून मुग्धानं दोनदा हाक मारली. 'आलोच' म्हणत त्यानं एकटाकी पान भरलं.

'प्रिय खैरू,

उशीर झाला. तू खरं लिही म्हणालास म्हणून उशीर झाला. अफनानला ओपनिंग जमत नव्हती. आता तो सहाव्या नंबरला जातो. काल-परवापर्यंत सगळे तुझं नाव घेऊन त्याला पुढे ढकलत होते, म्हणून मी त्यांना बेकरीचा पिकअप सांगितला. तुला विचारलं नाही. पोरं हसली. उमर म्हणतो, तुला हे कळवू नये. पण मला वाटतं, तू विसरला नसशील. विसरला असशील तर मी चुकलो, आणि तसं मला लिही. शिव्या घाल, पण लिही. आज आपण हरलो. पोरगा शेवटपर्यंत उभा होता, आणि हे तुला कळवायला त्यानंच मला सांगितलंय. तुझा सदू.'

पुन्हा वाचलं तर फाडलं जाईल हे तो जाणून होता. म्हणून त्यानं न वाचताच पाकीट चिकटवलं.

सोमवारी सकाळी मेट्रोनं तो करामाच्या पोस्टात गेला. मुग्धा म्हणत होती, कुणी गावी जाईल त्याच्या हाती द्या, नाहीतर फोटो काढून पाठवून देऊ. पण हाती दिलेलं पत्र वाटेत परत मागता येतं, आणि फोटो तर वाचून दाखवणाऱ्याच्याच हातात पडतो. खिडकीतल्या केरळी क्लार्कनं पाकीट वजनाला लावलं, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि मागच्या पेटीत टाकलं.

सदानंद खिडकीपासून हलेना. "भाई, कुछ बदलना हो तो..." त्यानं चाचरत विचारलं.

"खलास, अंकल," क्लार्क म्हणाला. "चला गया." आणि त्यानं पुढच्या माणसाला हात केला.