नूतनच्या औषधाचा निळा डबा

मी निळा डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, लसीचा. खांद्याला अडकवायचा पट्टा, जाड झाकण आणि दोन भिंतींच्या मधे फेसाचा घट्ट थर. या थरामुळे बाहेर वैशाखाचं ऊन असलं तरी माझ्या आत पौष असतो. म्हणूनच की काय, मला कायम अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. माणसांचं बोलणं ऐकू येतं, पण लांबून, विहिरीच्या तळाशी पोचावं तसं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो प्रमिलाबाईंचा खांदा.

प्रमिलाबाई शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नर्स होत्या. लसीकरणाच्या दिवशी त्या बर्फाचे चार चपटे पॅक बाहेर काढून ठेवायच्या आणि एकेक कानाशी धरून हलवायच्या. आतलं पाणी डुबुक वाजलं की मगच ते माझ्या पोटात जात. "गार ठेवायचं, गोठवायचं नाही. गोठली की लस गेली," असं त्या नव्या नर्सना सांगत. मग सागाच्या झाडांमधून आम्ही पाड्यापाड्यावर जायचो. सुई टोचली की बाळाचं रडणं, मग आईच्या पदराखाली ते हळूहळू विरत जाणं. त्या आवाजावर मला छान गुंगी यायची.

अकरा वर्षांनी माझी बिजागरी तुटली आणि मला मोडीत काढलं. त्याच महिन्यात प्रमिलाबाईही निवृत्त झाल्या. रीतसर विचारून त्यांनी मला घरी आणलं, एरंडोलजवळच्या त्यांच्या गावी. कपाटावर माझी जागा ठरली आणि माझ्या पोटात लोकरीचे गुंडे आले. लोकर ऊबदार असते. मला ती कधी मानवली नाही. मी झोपून राहिलो आणि स्वप्नात बर्फाचं पाणी वाजताना ऐकत राहिलो.

त्या झोपेतच नवीनचं, प्रमिलाबाईंच्या मुलाचं, लग्न झालं आणि नूतन घरात आली. एरंडोलच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. हसली की भिंतीवरची पाल पळायची, एवढं मोठं हसू. पुढे ते ऐकू येईनासं झालं. पोटात कळ यायची, दिवसातून दहादहा वेळा जावं लागायचं, ताप यायचा. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. आधी आतड्याचा टीबी समजून नऊ महिने गोळ्या झाल्या. फरक पडेना, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बिणीने तपासून रोगाचं खरं नाव सांगितलं: क्रोन्स.

"म्हणजे माझंच शरीर माझ्या आतड्याशी भांडतंय," नूतन घरी आल्यावर म्हणाली. वर्गात समजावून सांगावं, तशा आवाजात. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

स्टेरॉइडने आग पटकन विझली, पण चेहरा चंद्रासारखा गोल झाला आणि झोप उडाली. ते काही कायमचं औषध नव्हे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या गोळीने चौथ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या. तीही बंद झाली. मग डॉक्टरांनी तीन वाटा समोर ठेवल्या आणि म्हणाले, "घाई नाही. टीबीची, काविळीची तपासणी होईपर्यंत घरी बोला. यातलं कुठलंच औषध रोग मुळापासून काढत नाही. त्याला शांत ठेवतं. आणि कुठलं कोणाला लागू पडेल, ते दिल्याशिवाय कळत नाही."

रविवारी दुपारी घरात त्यावर बोलणं झालं. नूतनने परीक्षेच्या जुन्या पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले होते. पहिला सलाईनमधून शिरेत द्यायच्या औषधाचा: सुरुवातीला कमी अंतराने, मग दर आठ आठवड्यांनी, जळगावला दवाखान्यात अर्धा दिवस. दुसरा त्याच कुळातल्या इंजेक्शनचा: दर पंधरा दिवसांनी, घरच्या घरी, पण कायम थंड ठेवायचं. तिसरा नव्या गोळीचा: रोज एक, सुई नाही, गुणही लवकर. मात्र नागीण उठण्याचा आणि रक्ताची गाठ होण्याचा धोका बघावा लागतो, आणि मूल हवं असेल तर ती चालत नाही.

खरं सांगतो, मला दुसऱ्या रकान्याचा मोह पडला. "थंड" हा शब्द ऐकताच माझी झोप उडाली. तिचं भलं कशात, याचा विचार मी केलाच नाही.

"गोळी घे ना," नवीन म्हणाला. "सुई बघितली तरी तुला घाम फुटतो. एक गोळी, एक घोट पाणी, झालं."

"गोळी नको," प्रमिलाबाई लगेच म्हणाल्या. "दोन वर्षांत घरात पाळणा नको का हलायला? इंजेक्शनच बरं. मी आहे ना द्यायला. आयुष्यभर तेच केलंय."

"अक्का, तिला त्रास कशाला—" नवीन आईला म्हणाला.

"त्रास मला कळतो का तुला?"

दोघं बराच वेळ बोलत राहिले. नूतन पेन हातात धरून बसली होती. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"माझ्या पोटाची तुम्ही दोघांनी वाटणी करून टाकली," ती म्हणाली. "यांना वाटतं मला दुखू नये, तुम्हाला नातू हवा. माझ्यासाठी काही उरलंय का त्यात?"

ती उठून मागच्या अंगणात गेली. पंख्याच्या वाऱ्याने तो कागद फडफडत राहिला. प्रमिलाबाईंनी त्यावर हात ठेवला आणि वाचू लागल्या. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

थोड्या वेळाने त्या अंगणात गेल्या. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. मनापासून बोलायचं असलं की प्रमिलाबाईंच्या तोंडी अहिराणी येते.

"चुकनं मन्हं, पोरी. तुले काय पाहिजे ते सांग."



"मला एक तास पूर्ण घ्यायचाय, अक्का. पस्तीस मिनिटांचा. मधेच पोरांना स्वाध्याय देऊन पळायचं नाही. गेल्या वर्षभरात मला ते जमलेलं नाही." मग हळू आवाजात, "आणि मूल हवं की नको, हे मला बरं वाटल्यावर ठरवायचंय. आज नाही. ते दार आजच बंद करणारं औषध नको. आणि सारखी शाळा बुडवून जळगावलाही जायचं नाही मला."

"मंग?"

"इंजेक्शन. पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही."

"नही तं नही," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. त्याच संध्याकाळी लोकर माझ्या पोटातून बाहेर आली.

पहिल्या दोन वेळची इंजेक्शनं दवाखान्यात झाली. तिसरं घरी होतं. प्रमिलाबाई ते जळगावहून माझ्यातून घेऊन आल्या. पॅक नीट हलवून, पाणी वाजलेलं ऐकून, मधे सुती कापड घालून. घरी आल्यावर पेनासारखं ते इंजेक्शन अर्धा तास टेबलावर ठेवलं, म्हणजे टोचताना कमी झोंबतं. नूतनने डोळे मिटून घेतले. प्रमिलाबाईंनी तिच्या मांडीवर कापूस फिरवला, टोपण काढलं.

आणि थांबल्या.

मी उघड्या झाकणाने समोरच होतो. त्यांचा हात थरथरत होता. बोटांपासून मनगटापर्यंत, वाऱ्यात केळीचं पान हलावं तसा. हे कधी सुरू झालं, कोणास ठाऊक. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पदराखाली हात लपवायची सवय लागली होती, ती आम्हा सगळ्यांना थंडीची वाटायची.

नूतनने डोळे उघडले.

"मन्हा हात कापतस, पोरी," प्रमिलाबाई म्हणाल्या. एवढी वर्षं डोंगर चढलेली ती बाई त्या क्षणी फार लहान दिसली.

नूतनच्या कपाळावर घाम होता. तिने सासूच्या हातातून पेन काढून घेतलं. "तुम्ही आकडे मोजा," ती म्हणाली, आणि मांडीवर पेन टेकवून दाबलं. प्रमिलाबाई मोठ्याने मोजू लागल्या. एक, दोन, तीन. दहापर्यंत एकही आकडा चुकला नाही.

गुण एकदम आला नाही. तिसऱ्या महिन्यात ताप आला, एक इंजेक्शन पुढे ढकलावं लागलं आणि घर पुन्हा मुकं झालं. मग हळूहळू कळा कमी झाल्या. बांगड्या मनगटाशी थांबल्या. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा बऱ्याच जखमा भरल्या होत्या. एक जागा अजून अरुंद आहे, तिच्यावर डॉक्टरांची नजर आहे. पुढेमागे शस्त्रक्रिया लागेल किंवा लागणारही नाही. श्रावणातल्या एका सोमवारी नूतन शाळेतून आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, घेतला. पूर्ण तास. प्रकाशाचं परावर्तन." प्रमिलाबाईंच्या हाताचंही आता औषध चालू आहे. नूतनच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

माझं म्हणाल तर झाकणाला चिकटपट्टी आहे, रंग उडालाय. लवकरच माझ्या जागी एखादी सुटसुटीत पिशवी येईल. येऊ द्या.

परवाचंच सांगतो. नूतन एकटीच जळगावहून परत येत होती. एसटीत उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली होती. मी तिच्या मांडीवर, तिची ओढणी माझ्यावर. गाडीच्या हेलकाव्यांनी दोघांनाही पेंग आली होती. शेजारच्या रांगेतल्या म्हातारीने, तिचं नाव धुरपदाबाई, वाकून विचारलं, "डबामा काय शे व माय?"

आजवर नूतन या प्रश्नाला "दही" असं म्हणायची. त्या दिवशी तिने माझ्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "औषध शे, आजी. आतड्याचा आजार आहे मला. क्रोन्स म्हणतात. बरा होत नाही, पण याने शांत राहतो."

गाडीतल्या दोघाचौघांनी वळून पाहिलं. नूतनने मान खाली घातली नाही.

"दुखस का?" म्हातारीने विचारलं.

"पहिले खूप दुखे. आते कमी शे."

 पिशवी उचलून, बाकाला धरत धुरपदाबाई उठली आणि सावलीतली आपली जागा तिने आम्हाला दिली.