फेट्याचं दुसरं टोक

"जरा ताणून धर की," कारभारी आरशात बघत म्हणाला.

पुतळाबाई फेट्याचं टोक मुठीत आवळून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागं सरकली. क्रांती चौकाजवळच्या मुलाच्या दोन खोल्यांत एवढं लांब कापड पसरायचं तर तिथवर जावंच लागे. चाळीस वर्षं फेटा त्याच्या डोक्यावर चढत होता आणि दुसरं टोक तिच्या हातात होतं.

आज तर थाटच वेगळा. नातीच्या शाळेत ‘आमच्या घरातला वीर’ असा कार्यक्रम होता आणि आजोबा तिथं लांडग्याची गोष्ट सांगणार होते. संस्कृती गणवेश घालून, पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली होती. मालिकेतला राजपुत्र एका मायावी लांडग्याशी तलवारीनं लढत होता आणि राजकन्या खांबाला टेकून किंचाळत होती. गेले शंभर भाग ती बिचारी किंचाळतच होती. दुसरं काम तिला कुणी दिलंच नव्हतं.

"आजी, तू पण अशीच ओरडलीस ना? आजोबांनी लांडगा मारला तेव्हा?"

कारभारीच्या गोष्टीत तसंच होतं. पुतळाबाईनं ते शेकडो वेळा ऐकून घेतलं होतं. पण आज भरल्या शाळेत ह्या पोरीसमोर सांगितलं जाणार, हिची आजी नुसती ओरडत उभी होती. ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

"नाय," ती म्हणाली. "लांडगा आला की वरडायचं नसतंय. मेंढरं बिथरत्यात, जाळी मोडून पळत्यात."

"मग तू काय केलंस?"

"ह्यो हात घातला त्याच्या तोंडात. पार घशापोत्तर. दुसऱ्या हातात कुऱ्हाड व्हती. तुझा बाप मागं झोळीत निजलेला."

"पण तुझ्या हातावरचा तो वण तर विळ्याचा आहे ना?"

"विळा एकच रेघ वढतोय. ही बघ, चार भोकं."

त्या वेळी समाजातल्या जाणत्यांनी मानाचा फेटा आणला होता. बाईच्या डोक्याला फेटा बांधायची रीत नव्हती, म्हणून तो नवऱ्याला बांधला. कारभारी दोनदा म्हणालाही होता, मी तिथं नव्हतो म्हणून. कुणी ऐकलं नाही. पुढं वर्षं गेली तशी फेट्याबरोबर गोष्टही त्याचीच होऊन बसली.

"आणि आजोबा?"

एवढं बोलली तेच पुतळाबाईला खूप झालं होतं. आरशातले कारभारीचे हात मात्र थांबले होते.

"मी कन्नडला व्हतो," तो आरशाकडेच बघत म्हणाला. "बाजारला. दिस मावळल्यावर आलो." मग तो एकेक वेढा सोडवू लागला. "तू जा शाळंत."

"मला नाय बोलता येत लोकांत."

"आत्ता बोललीस, तसंच बोल."

पुतळाबाईनं पदर सारखा केला, चपला घातल्या. दारातून तिनं मागं वळून पाहिलं. फेट्याची घडी एकट्यानं होत नाही. कारभारीनं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि दुसरं धरून तो घडी घालायला बघत होता. कापड सारखं घसरत होतं.

जावं आणि धरावं, असं तिला वाटलं. पण जिन्यातून संस्कृती हाका मारत होती.