हवेच्या गादीवरचा माणूस

शनिवारी जेवताना वन्संनी जाहीर केलं, "उद्या मीपण येणार धक्क्यावर. बघू तरी, दिवसभर तिथं असतं तरी काय."

त्यातला 'दिवसभर' वहिनींना बरोबर ऐकू आला. त्यांनी ताटावरून मान वर न करता म्हटलं, "या की. टोपी मात्र घ्या, ऊन लागतं."

वन्सं आठ दिवसांसाठी भावाकडे आल्या होत्या. मोठ्या इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची अकरा मुख्य नर्स. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी चादर सरळ करणार आणि मग बसणार. दादावर त्यांचा फार जीव. आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने दादाचा उजवा हात गेला तेव्हापासून वहिनींवर त्यांची बारीक नजर. आपला भाऊ खुर्चीत बसून असतो आणि ही बाई दर रविवारी डबा घेऊन मासे पकडायला जाते, हे त्यांना फोनवर कळलं होतं तेव्हाच खुपलं होतं.

वहिनींनी याचा खुलासा कधी केला नाही. खुलासा करायचा म्हणजे दादाचं गाऱ्हाणं सांगितल्यासारखं झालं असतं.

गोष्ट अशी होती, की तीस वर्षं दादाचा एक रविवार धक्क्यावाचून गेला नव्हता. आजारपणानंतर त्याच्या गळाच्या दोन्ही काठ्या कपाटामागे जाऊन पडल्या. सगळे म्हणाले, नुसतं बसायला जा. दादा म्हणाला, "दुसऱ्यांचे मासे बघायला? मला नाही जमायचं." सहा महिने त्याने समुद्राचं नावही काढलं नाही. मग एका सकाळी अचानक म्हणाला, "तू जा." वहिनींचा जन्म शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात गेलेला. मासा त्यांना फक्त कढईत ओळखू यायचा. पण दादाने हट्टच धरला. दाराच्या कडीला दोरी बांधून, खुर्चीत बसल्या बसल्या त्याने त्यांना काठी धरायला शिकवलं. रीळ सैल कधी सोडायचं, कधी आवळायचं, सगळं. शेजारचे लोक दाराशी थांबून हसायचे. गाठी मात्र वहिनींना एकदा दाखवल्या की पुरे.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी त्यांना इत्थंभूत सांगावं लागे. पाणी कसलं होतं? वारा कुठून? पहिला ओढा कधी लागला, हिसका होता की नुसती कुरतड? एखादी गोष्ट गाळली की दादा लगेच पकडायचा. तेवढा तासभर तो जुना दादा असायचा. वहिनी मासे आणायला जायच्या ते निमित्त. खरं म्हणजे त्या बातमी आणायला जायच्या.

तर रविवारी सकाळी सातला दोघी निघाल्या. वहिनींच्या खांद्यावर दोन काठ्या, हातात बादली. वन्संच्या हातात डबा, पाण्याची बाटली, छत्री, थर्मास, बसायला उशी आणि एक पिशवी.

"पिशवीत काय आहे?"

"मलम, पट्ट्या, कात्री. गळ म्हटलं की कुणाच्या तरी बोटात जाणारच."

"आणि दुसरी काठी कशाला?" थोडं चालल्यावर वन्संनी विचारलं. "एकीनेच तर पकडतेस ना?"

"मोठी आहे ती. लांब फेकायची. मला जड होते. पण हे म्हणतात, घेऊन जा, धक्क्यावर एक काठी घेऊन जाणं शोभत नाही."

धक्का समुद्रात आत शिरलेला, टोकापर्यंत चांगली तीनशे पावलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, वीस-वीस पावलांवर दिव्याचे खांब. मध्यावर वॉचमनची खोली आणि तिच्याशेजारून पाण्यात उतरणारा लोखंडी जिना. डाव्या हाताला वाळूचा किनारा, रविवारची गर्दी. वहिनींची जागा जवळजवळ टोकाला होती. त्यांनी लहान काठी जुळवली, गळाला कोळंबीचा तुकडा लावला, तरंगा पाण्यात सोडला आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

वन्संनी उशी ठेवली, छत्री उघडली. वारा जमिनीकडून येत होता. छत्री उलटी झाली. त्यांनी ती मिटली.

"आता?"

"आता बघायचं."

"काय बघायचं?"

"तो लाल तरंगा."

वन्संनी तरंग्याकडे मोजून दोन मिनिटं पाहिलं. मग बोलायला सुरुवात केली. नव्या नर्सांना चादरीची घडीसुद्धा येत नाही इथून गाडी निघाली ती दादाच्या पथ्यापाण्यावर आली. दहाच्या सुमारास वहिनींना एक बोई लागली, वीतभर लांब. साडेदहाला दुसरी. तेवढ्यापुरत्या वन्सं थांबल्या. मग म्हणाल्या,

"वहिनी, रागावू नकोस. पण दादा घरी एकटा, आणि तू इथे वारा खात उभी. उद्या काही झालं म्हणजे?"

"शेजारीण तासातासाने डोकावते. फोन जवळ आहे."

"शेजारीण ती शेजारीण. माझ्या वॉर्डात असे पेशंट मी पाच मिनिटं नजरेआड होऊ दिले नाहीत."

वहिनींच्या ओठावर आलं होतं, की ते माझे पेशंट नाहीत, नवरा आहेत. त्यांनी ते गिळलं आणि गळाला नवा तुकडा लावला. वन्संनी घुश्शात पाठ फिरवली आणि किनाऱ्याकडे बघत बसल्या.

पाठ फिरवली हे बरं झालं. अकराच्या पुढे त्या म्हणाल्या, "तो माणूस फार लांब नाही का आला?"

वहिनींनी वळून पाहिलं. किनारा आणि धक्क्याचं टोक यांच्या साधारण मध्ये निळी-पिवळी हवेची गादी तरंगत होती, धक्क्यापासून साठेक पावलांवर. तिच्यावर एक जाडजूड माणूस पालथा पडलेला, उघडी पाठ गाजरासारखी लाल. वारा त्याला निवांतपणे बाहेर नेत होता.

"झोपलाय," वहिनी म्हणाल्या.

"झोपलाय की गेलाय?" वन्सं उठल्या आणि त्यांनी वॉर्डातला आवाज लावला. "अहो! गादीवाले! उठा!"

धक्क्यावरच्या यच्चयावत माणसांनी वळून पाहिलं. गादीवरच्यानेही मान उचलली. आधी किनारा पाहिला, मग पुढचा मोकळा समुद्र, आणि धडपडून उठून बसला. बसल्याबरोबर गादी जोरात सुटली.

"मला पोहता येत नाही!" तो ओरडला.

वॉचमन धावत आला. त्याने कठड्यावरचं लाल-पांढरं रबरी कडं काढून जिवाच्या आकांताने फेकलं. कड्याची दोरी निम्म्यातच संपली, त्याच्या मुठीतून सुटली, आणि आता कडंही समुद्राकडे निघालं. वॉचमनने बंदरात फोन लावला. "होडी येतेय," तो म्हणाला, "पण वीस मिनिटं म्हणतात."

वीस मिनिटांत गादी कुठे असेल ते सगळ्यांना दिसत होतं. टोकापुढे लाटा फुटत होत्या.

वहिनींनी तोवर मोठी काठी जुळवायला घेतली होती. बोटांना गाठी पाठ होत्या. "वन्सं, कात्री." वन्संनी पिशवीतून कात्री काढली. वहिनींनी गळ आणि शिसं दोन्ही कापून टाकलं. "पाण्याची बाटली. निम्मी ओता." वन्संनी ओतली, झाकण पिळून घट्ट केलं. वहिनींनी बाटलीच्या मानेला दोरी बांधली, गाठ थुंकीने ओली करून ओढली.

"तुला ही फेकता येते?" वन्संनी विचारलं.

"दोनदा फेकलीय. वर्षभरात."

पहिली फेक त्या माणसाच्या बरीच मागे पडली. गुंडाळून घेईपर्यंत गादी अगदी त्यांच्या समोर आली. आता आणखी एकाच फेकीला वेळ होता. फार तर दोन. वहिनींनी पाय रोवले. दादा खुर्चीतून ओरडायचा, खांद्याने नको, कमरेने फेक, तसं त्यांनी कंबर वळवून काठी सोडली. बाटली वाऱ्यावर गेली ती गेलीच, गादीच्या पलीकडे आणि थोडी पुढे जाऊन पडली. दोरी पाण्यावर आडवी पसरली आणि गादी आपणहून तिच्यावर आली.

"दोरी धरा!" वन्सं गरजल्या. "हाताला गुंडाळू नका, बोटं कापतील! गादीला कडी आहे ना? तिच्यात ओवा, गाठ मारा! शाबास. आणखी एक गाठ!"

"मारली!"

"आता आडवे व्हा!"

"मला भीती वाटते!"

"वाटू दे! बसलात की वारा भरतो. पोटावर पडा, गाल गादीला टेकवा!"

तो आज्ञाधारकपणे पालथा झाला. दोरी ताणली गेली, रीळ करकरलं. वहिनींना वाटलं, काठी हातातून जाणार. त्यांनी रीळ थोडं सैल सोडलं, मग हलकेच आवळलं, पुन्हा सोडलं. दोरी होती दहा-बारा किलोच्या माशाची. माणूस नव्वदच्या खाली नव्हता. ओढायचं नाही, नुसतं धरून चालायचं. त्या एकेक पाऊल जिन्याच्या दिशेला सरकू लागल्या.

पहिल्याच खांबापाशी अडलं. खांब कठड्याच्या बाहेरच्या अंगाला होता. काठी त्याला वळसा घालून न्यायची तर दोन हात अलीकडे आणि दोन पलीकडे हवेत.

"दे इकडे," वन्सं पलीकडून वाकून म्हणाल्या.

"जड आहे, वन्सं."

"अगं, मी माणसं उचललीत. दे!"

वन्संनी काठी घेतली, वहिनी पळत खांबाच्या पलीकडे गेल्या, काठी पुन्हा हातात घेतली. असे सहा खांब. वाटेतल्या लोकांनी आपापल्या काठ्या आत ओढल्या, बादल्या बाजूला केल्या. तिसऱ्या खांबापाशी एक लाट आली आणि दोरी अशी ताणली की वहिनींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोरी शाबूत होती. धक्क्याच्या आडोशाला वारा थोडा मंदावला, तेव्हा त्या पहिल्यांदा रीळ गुंडाळू लागल्या, कापड शिवताना चाक फिरवावं तसं, सावकाश.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वॉचमन गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने गादी पकडली, मग माणूस पकडला. होडी आली तेव्हा माणूस धक्क्यावर पाय पसरून बसलेला होता. होडीवाल्यांनी रबरी कडं तेवढं पकडून आणून दिलं.

तो बेकरीवाला होता, बाजाराच्या कोपऱ्यावरचा. पहाटे दोनला उठून भट्टी पेटवायची, त्यामुळे रविवारी कुठे टेकला की डोळा लागायचा. वन्संनी त्याच्या पाठीला मलम लावता लावता त्याची झडती घेतली. त्याची बायको धापा टाकत आली. तिला वाटलं होतं, नवरा कंटाळून घरी जाऊन झोपला. तिने त्याला आधी दोन शब्द सुनावले आणि मग रडायला लागली. बेकरीवाला वहिनींना म्हणाला, "माझ्या चपला किनाऱ्यावर राहिल्या." स्वतःच ते ऐकून ओशाळला आणि वहिनींच्या पायांना हात लावायला वाकला, पण पाठ एवढी भाजली होती की अर्ध्यातच कळवळून सरळ झाला.

परत जागेवर आल्यावर वहिनी खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. तळहातांना फोड आले होते. वन्संनी पट्ट्या बांधल्या, थर्मासमधला चहा ओतून हातात दिला.

"मी तुला घालूनपाडून बोलले सकाळी," वन्सं म्हणाल्या.

"बोललात खऱ्या."

"मग उलटून का नाही बोललीस?"

"मासे पळाले असते."

वन्सं हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "ही फेकायला तुला कुणी शिकवलं?"

तेव्हा वहिनींनी दाराच्या कडीची गोष्ट सांगितली. संध्याकाळच्या तासाचीही सांगितली. वन्संनी मोठी काठी उचलून हातात तोलून पाहिली.

घरी पोचल्यावर दाराशीच वन्सं सुरू झाल्या. त्यांच्या सांगण्यात लाटा घराएवढ्या होत्या. दादाने डावा हात वर करून त्यांना थांबवलं आणि बायकोकडे वळला.

"बाटली किती भरलीस?"

"निम्मी."

"बरोबर. गाठ?"

"तुमची नाही, माझीच. काजाची."

दादा विचारात पडला. "ओढताना रीळ आवळलंस?"

"आधी सैल सोडलं. धक्क्याच्या आडोशाला आल्यावर आवळलं."

"कुठल्या खांबापासून?"

"चौथ्या."

"पाचव्यापासून आवळायला हवं होतं," दादा म्हणाला. मग डाव्या हाताने त्याने वहिनींचा पट्टी बांधलेला हात उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि तसाच मांडीवर ठेवून घेतला. वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथली भांडी उगीचच पुन्हा लावत राहिल्या.

मंगळवारी वन्सं गेल्या. बुधवारी दादा म्हणाला, तो जिना आणि खांब यांचा हिशोब त्याला बसल्या जागी लागत नाही, एकदा डोळ्यांनी बघायला हवं. रविवारी वॉचमनने आपली खुर्ची बाहेर काढून दिली. दादा त्या खुर्चीत तासभर बसला, खांब मोजले, वहिनींच्या उभं राहण्यात दोन चुका काढल्या, शेजारच्या म्हाताऱ्याशी आमिषावरून वाद घातला आणि थंडी वाजते म्हणून घरी चला म्हणाला. पुढचे तीन रविवार तो आला. चौथ्या रविवारी वारा फार होता, म्हणून तो घरी राहिला आणि वहिनी एकट्या गेल्या.